चूलबंद आवतन, शेवटच्या ओळीत

माया एका आवाजात अख्खं गाव जेवाले उठते. मायी सही पाहून मात्र बँकेतली बाई म्हणे, "काका, राहू द्या, अंगठाच द्या."

शाळेची अन मायी ओळख दुसरीपर्यंतची. बाकीची अक्षरं मी एस्टीच्या पाट्या वाचून शिकलो. लोणार, सुलतानपूर, देऊळगाव राजा. म्हणून बसच्या कपाळावर जेवढं मावते तेवढं मले घडाघड वाचता येते. त्याहून लांब काही आलं की मी खिशातून चष्मा काढतो, धोतरानं पुसतो, उजेडात धरून पाहतो अन बाजूच्याले म्हणतो, "काच खराब झाली लेका, तूच वाच."

हे सारं मी सांगून राह्यलो अन मायी सून लिहून राह्यली. शब्द माये, टिंबं तिची. मी सांगतो तेच ती लिहून राह्यली याची मले काही खात्री नाही. मधातच ती गालात हसते, अन मी तं हसण्यासारखं काही बोललेलो नसतो. मी म्हनलं, वाचून दाखव. तिनं वाचलं. तेच होतं. पण वाचताना माणूस बदलू शकते ना.

मायं वावर भाजीपाल्याचं. वांगे, भेंडी, सांभाराच्या जुड्या. अन त्याच्या जोडीले गावाचं आवतन द्याचं काम, ते मायाकडं बापापासून आलं. कोणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, जेवणाचं बोलावणं घरोघर मी नेतो. गाव पांगलं तसं मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातूनही देतो. यात एक रीत हाय. आवतन दोन जातीचं असते. एक घरटी एक, म्हणजे घरातून एकच माणूस जेवाले. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, लेकराबाळांसकट सारे पंगतीले. आता कोणतं आवतन हाय हे आधी सांगत नसतेत. आधी रामराम, मंग देवाचं नाव, मंग ढोरं कशी हायेत, मंग कार्य कोणाचं, अन पार उठून पाठ फिरवताना, उंबऱ्यातून, हलकेच म्हणाचं, "चूलबंद बरं का." आधीच सांगितलं तं लोकायले वाटते हा आल्या आल्या ताटं मोजून राह्यला.

भोंग्यावर तं मी त्याहून लांबवतो. भोंगा वाजला की बाया आधी टीव्हीचा आवाज कमी करतेत, कोणी कुकर खाली उतरवते, कोणी पोट्ट्याले गप करते, अन मंग अंगणात येऊन कान देतेत. तेवढ्या येळात मुद्दा बोलून टाकला तं तो हवेत गेला. म्हणून मी गावच्या देवापासून सुरुवात करतो अन लोक अंगणात जमले असतीन असा अंदाज आला की मंग मुद्द्यावर येतो. लोक म्हणतेत, तुयं आवतन ऐकाव. मी ते खरंच मानत गेलो.

मंग मायाच घरी कार्य निघालं. धाकट्या पोरीचा साखरपुडा. पाहुणे देऊळगाव राजाचे, घरचं दुकान, चार माणसात ऊठबस असलेले. कार्य आमच्या अंगणात. पाहुण्यायसमोर गाव पंगतीले बसलं पाहिजे, एवढं एकच मले पाहिजे होतं. पोरगी उद्या त्या घरात जाईन तं तिथं म्हणतीन, हिच्या मागं गाव हाय. गाव नाही आलं तं काय म्हणतीन ते मी मनातही आणत नव्हतो. म्हणजे रोज आणत होतो.

अडचण अशी की आपल्या घरचं आवतन आपल्या तोंडानं देता येत नाही. ते भीक मागितल्यासारखं दिसते. भाऊकीतल्या माणसानं द्याचं असते. अन गावात मायी भाऊकी म्हणजे एकच घर, माया चुलतभाऊ. त्याचं अन मायं दोन वावरायच्या मधातल्या धुऱ्यावरच्या बोरीवरून वाजलेलं. बोर धुऱ्याच्या मधात उभी हाय, बोरं त्याच्या बाजूले पडतेत अन काटे माया. तेव्हापासून बोलणं बंद. त्याच्याकडं जाऊन "माया घरचं आवतन दे" म्हणाचं, म्हणजे मीच खाली पाहाचं. अन दुसऱ्या कोणाले मी हे काम कधी शिकवलंच नव्हतं. शिकवलं असतं तं त्यानं मायी जागा घेतली असती.

सून म्हणे, "मामाजी, गावाच्या ग्रुपवर टाकून द्या ना. सारं गाव हाय त्यात."

ती लग्नाआधी लोणारले लहान पोरायले शिकवत होती. तिचा अजूनही हात असा, की आपण बोललो की ती मनात खोडून राह्यली असं वाटते.

मी इचार केला. ग्रुपवर टाकणं म्हणजे तोंडानं देणं नाही. रीत मोडत नाही. चुलतभावाकडंही जावं लागत नाही. मी म्हनलं, "लिही."

तिनं माया फोनात लिहिलं अन वाचून दाखवलं. "आमच्या घरी बुधवारी दुपारी मुलीच्या साखरपुड्याचं जेवण आहे. आवतन चूलबंद आहे. सर्वांनी यावे."

मी वाट पाहत बसलो. ती काही पुढं वाचेना.

"झालं?"

"झालं की."

"हे आवतन हाय का लाईटबिल?"

ती म्हणे, "मामाजी, वाचणाऱ्याले आधी काय पाहिजे ते द्याचं. काय हाय, कधी हाय, कोणी याचं. बाकीचं मंग."

"आल्या आल्या मुद्द्यावर येणारा माणूस पोलीस पाटलाकडून आलेला असते," मी म्हनलं. "दुसरं लिही. मी सांगतो."

मी सांगाले लागलो अन ती मधात मधात मले थांबवे. मी म्हनलं, "त्याच्या कृपेनं त्याच्या आशीर्वादानं त्याच्या घरी." ती म्हणे, "पहिला त्याच्या कोणाचा? दुसरा कोणाचा?" मी म्हनलं, "पहिला देवाचा, दुसरा बापाचा, तिसरा माया. गावाले समजते." ती म्हणे, "ऐकणाऱ्याले तुमचा हात दिसते, मामाजी. देवाकडं हात, मंग छातीवर हात. कागदाले हात नसतो."

हे तिचं मले पटलं. म्हणूनच मले तिचा संशय आला. एवढं शहाणं बोलणारी बाई आपल्या भल्याचं कायले सांगन?

मंग तिनं टिंबाचं काढलं. "तुम्ही भोंग्यावर श्वास घेता का नाही? अर्धा घेता तिथं स्वल्पविराम. पुरता घेता तिथं पूर्णविराम. वाचणाऱ्यालेही श्वास लागते." अन मंग म्हणे, "मराठीत क्रियापद शेवटी येते. वाक्य लांबवलं का वाचणारा शेवटच्या शब्दापर्यंत लटकून राह्यते."

"लटकवणं हाच तं माया धंदा हाय," मी म्हनलं.

"भोंग्याखाली लोक लटकतेत. फोनावर सोडून देतेत."

मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. ती सरळ पाहत होती. सरळ पाहणाऱ्या माणसावर मले कधीच भरोसा बसत नाही. मले वाटलं, हिले आपल्या घरच्या बोलण्याची लाज वाटून राह्यली. नाही तं हिनं आपलं आवतन मुद्दाम बोडकं करून ठेवलं, म्हणजे गाव म्हणन, याले जेवाले बोलवाचं जिवावर आलं. वरून मी म्हनलं, "बरं, तुयंच राहू दे. टाकतो मी."

अन फोन घेऊन गोठ्यात गेलो.

फोनात मायकाचं एक चित्र असते. ते दाबून बोललं का फोनच लिहिते, एवढं मले नातवानं दाखवलेलं होतं. तिचं लाईटबिल मी पुसलं. म्हशीच्या बाजूले उभा राह्यलो, गळा साफ केला अन भोंग्यावर देतो तसं दिलं. गावचा मारुती घेतला, लोणारची कमळजा माता घेतली, देऊळगावचे बालाजी घेतले कारण पाहुणे तिकडचे. मंग वडीलधारे, मंग मायमाऊल्या, तरुण मंडळी, बाहेरगावी कामाले गेलेले, अंथरुणाले खिळलेले, सारे घेतले. मंग यंदाची हवा. मंग ढोरायचं. मंग माया बाप कसा आवतन देत होता ते थोडंसं. मंग कार्य. अन पार शेवटी, म्हशीकडं पाठ फिरवून, "चूलबंद बरं का."

फोनानं सारं लिहिलं. एकही टिंब न देता. मंडपाच्या कनातीसारखं ते एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सलग. वर मी गणपतीचा फुलाफुलायचा फोटो लावला अन पाठवून दिलं.

पाठवल्यावर पाहतो तं त्याच्या खाली निळ्या अक्षरात आलेलं, "अधिक वाचा". हे काही मी बोललो नव्हतो. मी घाबरलो. मंग समजलं. फोनाले ते आवडलं असन अन तो सोताहून लोकायले सांगून राह्यला, वाचा बाप्पा, अधिक वाचा. सुनेच्या लाईटबिलाखाली त्यानं असं लिहिलं असतं काय? मायी छाती भरून आली.

मंग ग्रुपवर हात येऊ लागले. जोडलेले. एकाखाली एक, नुसते हातच हात. कोणी "येतो" म्हणेना, कोणी "अभिनंदन" म्हणेना. आधी बरं वाटलं. मंग रातच्या जेवणात घास तोंडाजवळ थांबला. असे हात लोक कशाखाली टाकतेत? कोणी वारलं का त्याच्या बातमीखाली.

बायकोले म्हनलं, "गावाच्या पोटात काही तरी हाय."

"भूक असन," बायको म्हणे.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. मी पोचाच्या आधी तिथं आवाज येऊन राह्यला होता. मी टेकलो अन सारे चूप. एकजण चहात फुंकून राह्यला. चहा थंड होता, कारण बशीत ओतलेला. टपरीवाला म्हणे, "कार्य आलं म्हणे घरी?"

"हाव. बुधवारी."

"चांगलं हाय," तो म्हणे अन गाळणी झटकली.

एवढंच. दुसरा म्हणे, "पाहुणे मोठे हायेत म्हणे. मोठ्यायचं मोठंच कार्य असन." अन तिसऱ्यानं त्याले कोपरानं ढोसलं. ते ढोसणं मी पाह्यलं. ढोसलं म्हणजे आधी बोलणं झालं. बोलणं झालं म्हणजे कोणी तरी घडवून आणलं. अन मायाविरुद्ध घडवून आणणारा गावात एकच माणूस, ज्याच्या बाजूले बोरं पडतेत.

मंगळवारी मी मुद्दाम पिठाच्या चक्कीकडून गेलो. चूलबंद आवतन असलं का आदल्या दिवशी चक्की ओस असते, दुसऱ्या दिवशी पीठच नाही लागत तं दळन कोण? चक्कीवर रांग. डबेच डबे. शेजारच्या आळीतली एक म्हातारी, जिच्या घरच्या साऱ्या कार्याचं आवतन मी दिलं, ती मले पाहून डब्यावर पदर टाकून राह्यली. म्हणे, "ज्वारी हाय बाप्पा. गरिबाले ज्वारीच." अन तोंड फिरवलं.

गावानं ठरवलंच होतं.

घरी येऊन बायकोले सांगितलं. ती म्हणे, "मी जाऊन बायायले बोलून येते. दोन घरं केली का सारं समजते."

"काही गरज नाही. आवतन गेलं म्हणजे गेलं. दुसऱ्यांदा गेलं का पहिल्याची किंमत जाते. वरून ते म्हणतीन, घाबरले."

"घाबरलोच तं आहो."

"पण ते त्यायले काऊन सांगाचं?"

सून चुलीजवळ होती. ती म्हणे, "मामाजी, तुम्ही मी लिहिलं तेच टाकलं ना? माया फोन त्या ग्रुपात नाही म्हणून इचारलं."

मी म्हनलं, "त्याच्याहून चांगलं टाकलं." अन ती मायाकडं अशी पाहत राह्यली, की मले खात्री पटली. हिलेही माहीत हाय काही तरी.

बुधवार उगवला. अंगणात मंडप पडला. आचाऱ्यानं आलू-वांग्याचं कढईभर केलं, बुंदी पाडली, कढी उकळली, पुऱ्यायचं पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं. वांगे मायाच वावरातले. गावाच्या मानानं सैपाक केलेला, चूलबंद. पाहुण्यायच्या गाड्या आल्या. रामराम झाले, साखरपुडा झाला, कुंकू लागलं, पोरीले साडी दिली. अन पंगतीची येळ झाली.

पंगतीच्या पट्ट्या अंथरलेल्या अन रिकाम्या. त्यावर एक कोंबडी चालून राह्यली होती.

नवरदेवाचा मामा, धान्याचा व्यापारी, तो मंडपाच्या तोंडाशी उभा राहून रस्त्याकडं पाहत होता. म्हणे, "गाव शांत हाय."

"हाव. सोंगणीले गेले असतीन सारे. सोयाबीन आलं ना."

"चैतात?"

सोयाबीन निघते दसऱ्याले. त्याच्या धंद्यातलंच खोटं मी त्याच्यासमोर बोललो होतो. मी म्हनलं, "इकडं उशिराच येते." त्यानं मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, अन ती नजर घरी जाऊन काय सांगन ते मले दिसलं.

तेवढ्यात एक माणूस आला. आमच्या गावातले म्हातारे गुरुजी, लय वर्षांआधी नोकरीतून मोकळे झालेले. ते किराण्याच्या पुडीचा कागदही सरळ करून दोन्ही बाजूनं वाचतेत. हात धुऊन ते पट्टीवर बसले.

मी म्हनलं, "गुरुजी, तुम्ही एकटेच? बाकीचं गाव?"

"गावाचं मले माहीत नाही. मी तुमचं पुरतं वाचलं. सोडणारच होतो, पण कुठं पूर्णविरामच दिसेना. थांबाले जागा नाही म्हणून वाचतच गेलो, तं पार खाली चूलबंद. माया घरी मी एकटाच, म्हणून आलो." अन चष्मा काढून म्हणे, "पण एवढं खालपर्यंत दुसऱ्या कोणी वाचलं असन काय?"

मी ते ऐकून घेतलं अन मानलं नाही. गुरुजी भोळा माणूस, त्याले कट काय समजते.

खोलीच्या दारात पोरगी उभी होती. नवी साडी, डोक्यावर पदर, अन पदराआडून ती पट्ट्या पाहत होती. हळूच म्हणे, "बाबा, कोणीच येत नाही काय?"

मी चपला न घालता निघालो अन सरळ चुलतभावाच्या घरी. डोक्यात एकच, याले गचांडी धरून मंडपात नेतो. तो ओट्यावर बसून भाकर अन ठेचा खाऊन राह्यला होता.

"भरलं का रे पोट?" मी म्हनलं. "फोडलं ना गावाले? बोरीचा राग पोरीवर काढला ना?"

तो घास हातात धरून मायाकडं पाहत राह्यला. "कोण फोडलं?"

"तू! एक माणूस आला नाही पंगतीले. पाहुणे बसून हायेत."

"कोणत्या पंगतीले? आवतन कुठं हाय?"

"ग्रुपवर हाय! तीन दिवसापासून हाय! सारे हात जोडून राह्यले अन येऊन कोणी नाही राह्यलं!"

त्यानं डाव्या हातानं फोन काढला, दूर धरला अन वाचाले लागला. "मारुतीराया... कमळजा माता... बालाजी..." मंग मले दाखवून म्हणे, "हे होय? हे तं सकाळचं देवाचं. मले वाटलं तू आता सुप्रभात टाकाले लागला. मीही हात जोडले. हे पाय, हा माया."

"खाली वाच."

"खाली कुठं? खाली 'अधिक वाचा' हाय."

"मंग वाचाचं ना! फोन सोताहून सांगून राह्यला!"

त्यानं बोट लावलं. ते निळं गेलं अन खालून मायं सारं आवतन असं उलगडत आलं, जसं मंडपवाला कनात सोडते. मले आत्ता समजलं का ते शिफारशीचं नव्हतं. ते झाकण होतं. मायं कार्य झाकणाखाली होतं अन गावानं झाकणाले हात जोडले होते.

मले पहिलं काय सुचावं? मी म्हनलं, "हे झाकण सुनेनं लावलं."

तो वाचतच होता. शेवटाले आला तेव्हा त्याचे ओठ थांबले. "चूलबंद," तो म्हणे. अन हातातली भाकर त्यानं ताटात ठेवली. "साऱ्या गावाले माहीत हाय आज कार्य हाय. पण आवतनाबिगर जेवाले कोण येते बे? जो तो आपल्या घरी फुगून बसला. दुसऱ्याले इचारावं तं लाज वाटते, त्याले असलं अन आपल्याले नसलं तं? मायी बायको दोन दिवसापासून रडून राह्यली. म्हणे, जन्मभर गावाचं आवतन दिलं अन घरच्यायले वगळलं." मंग म्हणे, "मी तं वाट पाहत होतो, तू मले सांगाले येशीन. भाऊकीत दुसरं हाय कोण तुले?"

टपरीवरचं ते चूप, ते कोपर, म्हातारीचा डब्यावरचा पदर. त्यायले वाटलं मी त्यायले टाळलं अन मले वाटलं त्यायनं मले.

तो उठला. हात धुतले. टोपी घातली. मी मागं अन तो पुढं, असे आम्ही देवळाकडं निघालो. भोंग्याची चावी मायाच खिशात असते. मी दार उघडून दिलं अन तो मायकासमोर उभा राह्यला. मी बाजूनं म्हनलं, "आधी मारुतीराया घे. मंग कमळजा माता."

त्यानं मायकावर पंजा ठेवला. "चूप बस."

अन बोलला. "माया पुतणीचा साखरपुडा हाय. जेवण आत्ता हाय. आवतन चूलबंद हाय. सांगाचं राहून गेलतं. या."

अन मायक बंद.

"संपलं?" मी म्हनलं. "अन ते 'राहून गेलतं' कायले बोलला? मायी इज्जत गेली ना."

"मंग काय बोलू? तू सांगितलं होतं पण देवायच्या मागं लपवून?"

मी बाहेर आलो अन काही तरी चुकल्यासारखं वाटलं. गावातून कुकरच्या शिट्या बंद पडून राह्यल्या होत्या. एकामागं एक.

लोक आले. असे आले, की मायाही आवतनाले मी असे येताना पाह्यले नव्हते. बायायच्या हाताले पीठ तसंच. पोरायचे केस अर्धेच विंचरलेले. अन गंमत अशी, की अर्ध्या गावाच्या भाकरी भाजून झाल्या होत्या. चूलबंद असताना घरी भाकर ठेवून येणं बरं दिसत नाही, अन टाकून कोण देते? तं बाया त्या फडक्यात बांधून घेऊनच आल्या. चक्कीवरची म्हातारी भाकरीची चवड घेऊन मायापुढं उभी राह्यली. "घे. तुयाच पायी भाजल्या."

पंगतीत बुंदीच्या बाजूले ज्वारीची भाकर वाढली गेली. नवरदेवाच्या मामानं पुरी बाजूले सारली, भाकर कुसकरून कढीत घेतली अन आणखी मागितली. मंग मले म्हणे, "बुवा, सोयाबीन सोंगून आले वाटते सारे."

मी म्हनलं, "हाव. लवकर झालं."

तो हसला. तो चांगल्या मनानं हसला का वाईट, ते मी अजून ठरवलं नाही.

पोरगी खिडकीत होती. पदर खाली घसरला होता अन तिनं तो वर घेतलाच नाही. सून बुंदी वाढत मायापाशी आली. मले वाटलं, आता ही म्हणन, "पाह्यलं मामाजी, मी सांगितलं होतं." मी उत्तर तयार ठेवलं. तिनं नुसती बाजूच्या ताटात बुंदी वाढली अन पुढं गेली. आता माणसानं याचा अर्थ काय लावाव? ही न बोलणंही शिकवून राह्यली काय?

शेवटच्या पंगतीले मी अन चुलतभाऊ बाजूबाजूले बसलो. बऱ्याच दिवसानं. भाकर अर्धी अर्धी केली. पोटात घास गेला तरी डोक्यातला किडा जात नव्हता. पुढं वाकून मी त्याच्या कानाशी म्हनलं, "आता कार्य झालं. खरं सांग, मी रागवत नाही. थोडासा तरी कट होता ना?"

तो कढी पिऊन राह्यला होता. वाटी खाली ठेवली, मिशा पुसल्या अन साऱ्या पंगतीले ऐकू जाईन असं म्हणे, "तुयाविरुद्ध कट कराचा म्हणजे आधी तुयं लिहिलेलं वाचा लागन. एवढा येळ कोणाले हाय बे?"